सहा सेनची सुशी

लॉस एंजलिस असो, लंडन असो की अलीकडचे मुंबई-पुणे, शहराच्या एखाद्या बऱ्या वस्तीत, गल्लीच्या तोंडाशी, सुशीचे एक नवे उपाहारगृह हमखास आढळते. लाकडी काउंटर, त्यामागे उभा आचारी, समोर आठ-दहा खुर्च्या आणि हातात येणारी पदार्थांची लांबलचक यादी. त्या यादीत अ‍ॅव्होकाडो असतो, आंबा असतो, तळलेली कोळंबी आणि तिखट मेयोनेझ असते, आणि पदार्थांना ड्रॅगनपासून ज्वालामुखीपर्यंत कसलीही नावे दिलेली असतात. वृत्तपत्रांतले खाद्यसमीक्षक अशा जागेला आदराने 'कल्पक' म्हणतात.

अशा ठिकाणी चार वाचणारी माणसे एकत्र बसली, की दोन पक्ष पडायला वेळ लागत नाही. एक पक्ष म्हणतो, ही सुशीच नव्हे. खरी सुशी जपानात, आणि तीही जुन्या पद्धतीची. दुसरा म्हणतो, परंपरा अशी काही नसतेच. आजची परंपरा ही कालची नवताच असते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा वाद नवा नाही. नवकवितेच्या वेळी 'ही कविताच नव्हे' म्हणणारे होते, आणि त्यांना उत्तर देताना ज्ञानेश्वरांपासूनचे दाखले देणारेही होते. वाद तोच, ताट तेवढे बदलले.

आम्ही या वादात दुसऱ्या पक्षाच्या जवळचे आहोत, हे आरंभीच कबूल करतो. सुशीचा इतिहास पाहिला, तर पहिल्या पक्षाला उभे राहायला जागा उरत नाही. पण हा इतिहास वाचताना, आणि विशेषतः जपानी साहित्यातून वाचताना, आम्हांला असे जाणवत गेले की दोन्ही पक्ष एक तिसरा प्रश्न विचारायचे टाळत आहेत. काउंटरवरची सुशी खरी की खोटी, जुनी की नवी, हे आपण तावातावाने बोलतो. त्या काउंटरपर्यंत कोणाचा हात पोहोचतो, हे बोलत नाही. जपानी लेखकांनी मात्र ते फार पूर्वी पाहून ठेवले आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. सुशी म्हणजे कच्चा मासा, असा समज सर्वत्र आहे. मूळ शब्दाचा माशाशी संबंध नाही. तो 'आंबट' या अर्थाच्या जुन्या जपानी विशेषणातून आला. आंबटपणा आला तो आंबवण्यातून. मासा मिठात मुरवायचा, शिजवलेल्या भातात दडपून लाकडी पिंपात भरायचा, वर दगडाचे वजन ठेवायचे आणि महिनोन्महिने वाट पाहायची. भात आंबतो, त्या आंबेने मासा टिकतो. खायच्या वेळी मासा घ्यायचा आणि लगदा झालेला भात टाकून द्यायचा. या प्रकाराला 'नारेझुशी' म्हणतात. भातशेती आणि गोड्या पाण्यातली मासेमारी जिथे एकत्र नांदते अशा आग्नेय आशियातल्या प्रदेशात ही युक्ती जन्मली आणि चीनमार्गे जपानात आली, असे अभ्यासक मानतात. बिवा सरोवराच्या काठी 'फुनाझुशी' या नावाने ती आजही जिवंत आहे. एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ मुरलेली ती सुशी खाताना आजच्या टोकियोकराचेही नाक आक्रसते.

म्हणजे 'मूळ' सुशीत आज जे आपण आवडीने खातो तो भात टाकाऊ होता आणि ताजा मासा हा दोष होता. जपानात इ.स. ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या 'एन्गिशिकी' या शासकीय विधिग्रंथात निरनिराळ्या प्रांतांनी दरबाराला कर म्हणून पाठवायच्या वस्तूंमध्ये सुशीची नोंद आहे. तीत माशांबरोबर हरणाच्या आणि रानडुकराच्या मांसाची सुशीही येते. शुद्धतेच्या पुरस्कर्त्यांनी इथपर्यंत मागे जायची तयारी ठेवली, तर त्यांना काउंटरवर रानडुक्कर मागावे लागेल.

बाराव्या शतकातल्या 'कोन्जाकु मोनोगातारी-शू' या कथासंग्रहात सुशीची एक गोष्ट आहे, आणि ती आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. आयु या गोड्या पाण्यातल्या माशाची सुशी विकणारी एक फेरीवाली दारू पिऊन रस्त्याकडेला झोपलेली असते. जाग येताच तिला आपल्याच पिंपात उलटी होते. ती घाबरून इकडेतिकडे पाहते आणि हाताने सगळे कालवून टाकते. आंबलेला भात आणि ओकारी यांत डोळ्यांना फरकच कळत नाही. हे पाहणारा माणूस त्या दिवसापासून सुशीला शिवत नाही, इतरांनाही खाऊ देत नाही. गोष्ट किळसवाणी आहे, पण तिच्यातला प्रश्न गंभीर आहे. दुसऱ्याच्या हातचे खायचे, तर त्या हातावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? पिंपाला झाकण असते, आणि झाकणाखाली काय झाले ते विकत घेणाऱ्याला दिसत नाही.

झाकणाखाली काय आहे, यावरच अठराव्या शतकात एक थोर नाट्यप्रवेश उभा राहिला. 'योशित्सुने सेन्बोन झाकुरा' हे बाहुलीनाट्य १७४७ साली ओसाकात रंगभूमीवर आले आणि पुढे काबुकीनेही ते आपलेसे केले. त्याच्या तिसऱ्या अंकातला एक प्रवेश 'सुशीया', म्हणजे 'सुशीचे दुकान', या नावानेच ओळखला जातो. पराभूत ताइरा कुळातला कोरेमोरी योशिनो भागातल्या एका सुशीच्या दुकानात यासुके या नावाने नोकर होऊन लपला आहे. दुकानदाराचा उनाड मुलगा गोन्ता आईकडून उकळलेले पैसे सुशीच्या एका रिकाम्या पिंपात दडवतो. बाप तशाच दुसऱ्या पिंपात एक कापलेले शिर लपवतो, ते कोरेमोरीचे म्हणून शत्रूला दाखवण्यासाठी. मुलगा चुकीचे पिंप उचलून पळतो आणि पुढची शोकांतिका त्या अदलाबदलीतून उलगडते. गोन्ता स्वतःची बायको आणि मूल कोरेमोरीच्या कुटुंबाच्या जागी शत्रूच्या हवाली करतो, आणि हे न कळलेल्या बापाच्या हातून मारला जातो. हे नाटक इतके लोकप्रिय झाले की 'यासुके' हा शब्द सुशीचे टोपणनाव म्हणून रूढ झाला.

या प्रवेशाची सारी यंत्रणा पिंपावर चालते, आणि पिंप असते ते सुशीला मुरायला वेळ लागतो म्हणून. हे नाटक लिहिले जात होते, तेव्हाच तो वेळ आटू लागला होता. आधीच्या शतकांत भात अर्धवट आंबवून माशासह खाण्याची रीत पडली होती. सतराव्या शतकापासून आंबवण्याऐवजी भातात थेट व्हिनेगर घालून आंबटपणा आणण्याची युक्ती पसरली. तिला नावच 'हायाझुशी', म्हणजे 'झटपट सुशी', असे पडले. ओसाकाच्या बाजूला ती लाकडी साच्यात दाबून, वड्या पाडून विकत. आपण ज्याला आज जपानी संयमाचे प्रतीक मानतो, त्या पदार्थाच्या इतिहासातली सर्वांत मोठी उडी ही घाईची आहे.

ती घाई पूर्णत्वाला गेली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एदोची वस्ती दहा लाखांच्या घरात होती. तिच्यात सुतार, गवंडी, हमाल, दुकानांतले नोकर, सरदारांचे शिपाई अशा एकट्या पुरुषांचा भरणा मोठा होता. लाकडी घरांच्या या शहराला आगीचे भय कायमचे. खोलीत चूल पेटवण्यापेक्षा बाहेर उभ्याउभ्या काही खाऊन कामाला लागणे सोयीचे. १८२० च्या दशकात र्योगोकु भागातल्या हानाया योहेई (१७९९-१८५८) याने साचा बाजूला ठेवला, व्हिनेगर लावलेल्या भाताची मुठीत दाबून मूद केली, तिच्यावर माशाचा तुकडा बसवला आणि गिऱ्हाइकापुढे ठेवला, असे सांगितले जाते. 'निगिरी' या शब्दाचा अर्थच मुठीत दाबलेले. असे करणारा तो एकटाच नसेल. शोधाचे श्रेय एका नावावर जमा होण्याची रीत साहित्येतिहासातही आहेच.

या शोधामागे एक स्वस्त कच्चा मालही होता. ओवारी प्रांतातल्या हांदा गावचा साके गाळणारा नाकानो माताझाएमोन याने १८०४ साली साकेच्या उरलेल्या चोथ्यापासून व्हिनेगर करायचा धंदा सुरू केला. आजची मिझकान कंपनी ती हीच. तांदळाच्या व्हिनेगरपेक्षा स्वस्त, तांबूस आणि चवीला भरीव असे हे व्हिनेगर एदोच्या सुशीवाल्यांनी उचलले. बर्फ नव्हता, म्हणून मासा क्वचितच नुसता कच्चा दिला जाई. ट्यूना सोया सॉसमध्ये मुरवत, कोहादा नावाचा लहान चंदेरी मासा मीठ-व्हिनेगरमध्ये ठेवत, वाम शिजवत, कोळंबी उकडत. मूद आजच्या दुप्पट-तिप्पट मोठी असे; दोन-तीन खाल्ल्या की भूक भागे.

ओसाकाहून एदोत येऊन राहिलेल्या कितागावा मोरिसादाने १८३७ पासून तिन्ही मोठ्या शहरांच्या रोजच्या जगण्याची जी बारकाईने टिपणे केली, ती 'मोरिसादा मान्को' या नावाने प्रसिद्ध आहेत. तो सांगतो की एदोत प्रत्येक मोहल्ल्यात सुशीची एक-दोन दुकाने आहेत. सोबा शेवयांचे दुकान मात्र एक-दोन मोहल्ल्यांत एक. बहुतेक सुशी नगाला आठ मोन. अंड्यात गुंडाळलेली सोळा मोन. सोबाचा एक वाडगाही त्या काळी सोळा मोनला मिळे. सुशीचे दुकान 'शेजारचे' होते ते या अर्थाने. ते वस्तीची शोभा वाढवायला आलेले नव्हते. वस्तीच्या पोटासाठी होते.

मात्र त्याच एदोत सुशीचे दुसरे घरही तयार झाले. काही दुकाने श्रीमंतांसाठी इतकी महागडी सुशी करू लागली की १८४१ ते १८४३ च्या तेनपो सुधारणांत, चैनीवर बडगा उगारताना, शासनाने सुशीवाल्यांनाही पकडले. योहेईही त्यांत होता असे म्हणतात. याच सुमारास उतागावा कुनियोशीने काढलेले एक लाकडी ठशाचे चित्र आहे. 'मात्सु' या नामांकित दुकानाची सुशी ताटलीत घेतलेली एक स्त्री, आणि त्या ताटलीकडे झेपावणारे एक मूल. एदोच्या सुशीवर लिहिणारे बहुतेकजण हे चित्र छापतात, ते ताटलीतल्या सुशीचा आकार दाखवण्यासाठी. आमचे लक्ष प्रत्येक वेळी त्या पोराच्या हातावर जाते.

त्या हाताची पूर्ण कथा शिगा नाओया (१८८३-१९७१) याने लिहिली. 'कोझो नो कामिसामा', म्हणजे 'दुकानातल्या पोऱ्याचा देव', ही त्याची कथा १९२० च्या जानेवारीत 'शिराकाबा' मासिकात आली. पुढे जपानी वाचकांनी या शीर्षकावरूनच कोटी करून शिगाला 'कथेचा देव' म्हणायला सुरुवात केली. सेन्किची हा टोकियोच्या कांदा भागातल्या तराजूच्या दुकानात कामाला असलेला पोरगा. दुकानातले मोठे कारकून आपसांत कुठल्या दुकानची सुशी चांगली याच्या गप्पा मारतात. तो ऐकतो आणि तोंडाला सुटलेले पाणी गिळतो. एकदा त्याला कामासाठी जायला ट्रामचे जाण्यायेण्याचे भाडे मिळते. तो एक वेळ पायी येतो आणि चार सेन वाचवतो. येनचा शंभरावा भाग म्हणजे सेन. ते घेऊन तो सुशीच्या गाडीपाशी जातो, इतर गिऱ्हाइकांमधून पुढे सरकतो आणि ट्यूनाची एक सुशी उचलतो. गाडीवाला म्हणतो, एक सहा सेनला आहे. पोरगा हातातली सुशी परत ठेवतो आणि निघून जातो. मग शिगा एक तपशील देतो, जो लहान लेखकाला सुचला नसता. पोराने हात लावलेला तो घास गाडीवाला सफाईने स्वतःच्याच तोंडात टाकतो आणि पुढची सुशी वळू लागतो.

मराठी वाचकाला या क्षणी वेगळेच काही आठवेल. अन्नाला कोणाचा हात लागला आणि मग त्या अन्नाचे काय झाले, या प्रश्नावर आपल्याकडे शतके गेली. शिगाच्या कथेत विटाळ नाही. आहे ती फक्त किंमत. दोन सेन कमी पडले, इतकेच. पण परत ठेवलेल्या हाताची लाज दोन्हीकडे सारखीच ओळखू येते.

कथेत हे पाहणारा एक माणूस आहे. त्याला लेखकाने नाव दिलेले नाही, रोमन लिपीतले 'ए' हे अक्षर दिले आहे. हा जपानी संसदेच्या उमराव-सभागृहाचा तरुण सदस्य. तो त्या गाडीवर का आला? त्याला कोणीतरी सांगितले होते, की सुशीची खरी चव गाडीवर उभे राहून, हाताने खाण्यातच आहे. तो संकोचत, गर्दीत घुसावे की नाही या विचारात उभा आहे, तेवढ्यात पोरगा त्याला ओलांडून पुढे जातो. आमच्या मते 'अस्सल' चवीच्या शोधात निघालेल्या सुशिक्षित खवय्याचे साहित्यातले इतके नेमके चित्र दुसरे नाही. ज्या गाडीवर मजूर भूक भागवायला येतो, तिथे हा अनुभव घ्यायला येतो.

पुढे 'ए' आपल्या मुलासाठी वजनकाटा घ्यायला दुकानात जातो, पोराला ओळखतो, काहीतरी निमित्त काढून त्याला बरोबर नेतो आणि एका सुशीच्या दुकानात आगाऊ पैसे देऊन पोटभर खाऊ घालायची व्यवस्था करतो. स्वतः निघून जातो. तराजूच्या दुकानात त्याने नाव-पत्ता खोटाच दिलेला आहे. पोरगा आतल्या बाजूला एकटा बसून भरभर, अधाशासारखा खातो. 'ए'ला मात्र आनंदाऐवजी एक विचित्र एकाकीपणा वाटतो, काही वाईट काम केल्यासारखा. पोराला वाटते, हा मनुष्य नव्हे, देव असावा; कदाचित इनारी. शेवटी लेखक स्वतः पुढे येऊन सांगतो, की पोरगा त्या पत्त्यावर जातो आणि तिथे घराऐवजी इनारीचे छोटे देऊळ पाहतो, असा शेवट करण्याचे मनात होते. पण ते पोराच्या बाबतीत काहीसे क्रूर वाटले, म्हणून लेखणी आधीच थांबवली.

या शेवटावर जपानात पुष्कळ लिहिले गेले. आम्हांला त्यात दिसते ते असे: दयेने भरवलेले पोट आणि हक्काने उचललेला घास यांत अंतर आहे, हे 'ए'ला धड उमगत नाही, पण जाणवते. लेखकाला ते कळते, म्हणून तो चमत्काराची सोय नाकारतो.

कथा प्रसिद्ध झाल्यावर साडेतीन वर्षांनी, १ सप्टेंबर १९२३ रोजी, कांतोच्या भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झाले. शहरातले सुशीवाले आपापल्या गावी परतले आणि एदोची निगिरी त्यांच्याबरोबर देशभर गेली. टोकियोत गाड्या हळूहळू दुकानांत शिरल्या. अशाच एका वस्तीतल्या दुकानाची कथा म्हणजे ओकामोतो कानोको (१८८९-१९३९) हिची 'सुशी'. लेखिकेच्या मृत्यूच्या एकच महिना आधी, १९३९ च्या जानेवारीत, ती प्रसिद्ध झाली. दुकान गरीब आणि सधन वस्त्यांच्या सीमेवर आहे. तिथे निरनिराळ्या धंद्यांची माणसे येतात, आणि तेवढ्या वेळापुरती आपापले ओझे उतरवून ठेवतात. मालकाची मुलगी तोमोयो मिनातो नावाच्या एका प्रौढ गिऱ्हाइकाकडे ओढली जाते, आणि तो एकदा तिला आपले लहानपण सांगतो. त्याला खाणेच अशुद्ध वाटे. काही पोटात ठरत नसे. एके दिवशी आईने त्याला समोर बसवले, नवी कोरी फळी, नवी सुरी दाखवली, आपले धुतलेले हात उलटसुलट करून दाखवले, आणि त्याच्या डोळ्यांसमोर सुशी वळली. आधी अंड्याची, मग माकुलाची, मग पांढऱ्या माशाची. त्या दिवशी तो जेवायला शिकला.

'कोन्जाकु'मधली फेरीवाली आणि ही आई यांच्यामध्ये आठशे वर्षे आहेत. एकीने हाताने लपवले, दुसरीने हात दाखवले. काउंटरवरच्या सुशीचे खरे नावीन्य हेच, असे आम्हांला वाटते. तिथे पिंप नाही, झाकण नाही. करणारा हात आणि खाणारे तोंड यांच्यात एका फळीचे अंतर. कथेच्या शेवटी मिनातो दुकानात यायचा थांबतो, आणि तोमोयो स्वतःची समजूत घालते की सुशीची दुकाने काय, कुठेही असतात. जवळच्या दुसऱ्या एखाद्या दुकानात तो जात असेल. शेजारच्या दुकानाचे मोल आणि त्याची बदलता येण्याजोगी साधारणता, दोन्ही त्या विचारात आहेत.

युद्धाने ही साधारणता संपवली. १९४७ साली अन्नटंचाईपायी जपानात उपाहारगृहांवर कडक निर्बंध आले. टोकियोच्या सुशीवाल्यांच्या संघटनेने एक वाट काढली. गिऱ्हाइकाने एक गो, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम, तांदूळ आणावेत; दुकानाने मजुरी घेऊन त्याबदली दहा नग सुशी द्यावी. म्हणजे हे अन्न विकणे नव्हे, प्रक्रिया करून देणे. या कायदेशीर युक्तीने मुदेचा आजचा लहान आकार रूढ व्हायला मदत झाली आणि देशभर एदोचीच पद्धत पक्की झाली. ज्याला आज शुद्ध सौंदर्यदृष्टी म्हणतात, त्या आकारामागे शिधापत्रिकेच्या काळाचा हिशेब आहे. पुढे स्वच्छतेच्या नावाखाली रस्त्यावरच्या गाड्या हटवल्या गेल्या. सेन्किची जिथे गेला होता ती जागा नाहीशी झाली आणि काउंटरला दार आले.

ते दार पुन्हा किलकिले केले ओसाकाच्या एका दुकानदाराने. शिराइशी योशिआकी (१९१४-२००१) याने बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहिल्या आणि १९५८ साली ओसाकाजवळ सरकत्या पट्ट्यावरच्या सुशीचे पहिले दुकान काढले. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनाने ती कल्पना देशाला दाखवली. कामगार कमी, वेग अधिक, आणि महत्त्वाचे म्हणजे ताटलीची किंमत आधीच ठाऊक. रसिकांनी नाके मुरडली. पण 'एक सहा सेनला आहे' हे वाक्य उचललेल्या हाताला ऐकावे लागू नये, अशी सोय सुशीच्या इतिहासात प्रथमच इतक्या उघडपणे झाली होती.

आता आपण आरंभीच्या कल्पक उपाहारगृहापाशी परत येऊ शकतो, कारण त्याचा जन्मही याच काळातला. १९६० च्या दशकात लॉस एंजलिसच्या लिटल टोकियो भागात सुशीचे काउंटर सुरू झाले. तिथल्या टोकियो काइकान या उपाहारगृहातल्या इचिरो माशिता या आचाऱ्याने ट्यूनाच्या चरबीदार भागाऐवजी अ‍ॅव्होकाडो वापरला, आणि त्यातून 'कॅलिफोर्निया रोल' जन्मला असे मानतात. कॅनडातल्या व्हँकूव्हरचा हिदेकाझू तोजो हेच श्रेय स्वतःकडे घेतो. काळा कागदासारखा नोरी अमेरिकनांना खटकतो म्हणून तो आत आणि भात बाहेर, अशी उलटी गुंडाळीही याच काळातली. ट्यूनाचा तो चरबीदार भाग, ज्याची जागा अ‍ॅव्होकाडोने घेतली, एदोत टाकाऊ समजला जाई. त्याची प्रतिष्ठा विसाव्या शतकातली. १९७२ च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे ट्यूना विमानाने टोकियोच्या त्सुकिजी बाजारात लिलावाला आले. अमेरिकेहून रिकामी परतणारी जपानी मालवाहू विमाने भरण्यासाठी काही तरी हवे होते, हे त्याचे कारण. आणि कच्चा साल्मन, जो आज सुशीच्या प्रत्येक यादीत असतो, तो जपान्यांना खायला शिकवला १९८० च्या दशकात नॉर्वेच्या मत्स्यव्यवसायाने.

हे सारे ठाऊक असताना २००६ साली जपानच्या कृषिमंत्र्यांनी परदेशातल्या जपानी उपाहारगृहांना अस्सलतेचे प्रमाणपत्र देण्याची योजना मांडली. अमेरिकी वृत्तपत्रांनी तिची 'सुशी-पोलीस' म्हणून टिंगल केली आणि योजना सौम्य होत विरली. दहा वर्षांनी, २०१६ साली, त्याच जपानी सरकारने तोजोला जपानी पाककलेचा सदिच्छादूत नेमले. पहिला पक्ष हरला, दुसरा जिंकला, असे म्हणायला हरकत नाही.

पण जिंकून काय मिळाले? टोकियोच्या गिन्झा भागात भुयारी रेल्वेस्थानकाच्या इमारतीत जिरो ओनोचे दहा खुर्च्यांचे दुकान आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या टोकियोच्या पहिल्या मिशेलिन मार्गदर्शिकेत त्याला तीन तारे मिळाले. २०१९ च्या नोव्हेंबरात मार्गदर्शिकेने ते दुकान यादीतून वगळले. सुशी बिघडली म्हणून नव्हे. सामान्य माणसाला तिथे जागा राखून मिळत नाही म्हणून. आमच्या माहितीत खाद्यसमीक्षेने 'आत कोण जाऊ शकते' हा प्रश्न चवीच्या आधी विचारल्याची ही दुर्मीळ वेळ. कल्पक उपाहारगृहांची स्थिती याहून फार निराळी नाही. तिथे मुदेवर आंबा चालतो, अ‍ॅव्होकाडो चालतो, परंपरेची थट्टाही चालते. पण यादीच्या उजव्या बाजूचा आकडा बहुधा कल्पक नसतो.

आम्ही स्वतःला या हिशेबातून वगळत नाही. अशा काउंटरवर बसून परंपरा आणि नवता यांवर बोलणारे आम्ही, शिगाच्या कथेत कुठे असतो हे उघड आहे. आम्ही 'ए' आहोत. चांगले वाचलेले, चवीचे मर्म ऐकून आलेले, थोडे संकोचलेले. साहित्याचे अध्यापन करणाऱ्याला ही जागा परिचितही असते. दुसऱ्याच्या भुकेवर लिहिलेली कथा आपण वर्गात तिच्या शिल्पासाठी वाचतो. ते चूक आहे असे नाही. पण वाचून झाल्यावर 'ए'ला जो एकाकीपणा वाटला, तो आपल्यालाही थोडा वाटावा, एवढी अपेक्षा ती कथा वाचकाकडून करते असे आम्हांला वाटते.

योहेईची मूद नवी होती म्हणून मोठी ठरली नाही. आठ मोनला होती, मुठीएवढी होती, आणि कामावरून येणारा माणूस ती उभ्याउभ्या खाऊ शकत होता. शिराइशीचा पट्टाही त्याच जातीचा. पुढच्या वेळी कोणी एखाद्या गल्लीतल्या दुकानाला कल्पक म्हणेल, तेव्हा आम्ही एवढेच विचारू, की त्या गल्लीत काम करणारा पोरगा तिथे काय उचलू शकतो, आणि किंमत ऐकल्यावर त्याला ते परत ठेवावे लागते का.